घरच्या कन्सोलवर पहिला जपानी आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ) कुठला घ्यावा? अनुभव लिहा

खिडकीतली_मांजर
माळा झाडताना जुन्या टीव्हीगेमची पिवळी कॅसेट हाती लागली. नेहमीची मारिओ-कॉन्ट्रावाली नव्हे, सगळी जपानी अक्षरं असलेली. असल्या कॅसेटी तेव्हा अर्ध्यातच का सोडून द्याव्या लागत, ते पुढे कळलं. पहिल्या ड्रॅगन क्वेस्टमध्ये (१९८६, निन्टेन्डोचा फॅमिकॉम कन्सोल) सेव्ह नावाची गोष्टच नव्हती. राजा २० अक्षरांचा 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' सांगायचा आणि तो हिरागाना लिपीत वहीत उतरवून घ्यायचा. दुसऱ्या भागात हाच मंत्र ५२ अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकलं की खेळ गेला. तिसऱ्या भागात (१९८८) कॅसेटमध्ये बॅटरी आली आणि वह्या सुटल्या.

तर धागा यासाठी. आता कुणाला घरच्या कन्सोलसाठी जुन्या वळणाचा, म्हणजे आपली पाळी-त्यांची पाळी पद्धतीचा जपानी आरपीजी घ्यायचा असेल तर कुठला घ्यावा, कुठली आवृत्ती, आणि कुठे अडतं? आठवणींचं दळण नको (माझं वर झालंच), उपयोगी पडेल ते लिहा. कथेतली गुपितं फोडणाऱ्याला पापक्षालन नाही.

स्लाइमशेठ
ड्रॅगन क्वेस्ट ११ एस. विषय संपला.

स्लाइमशेठ
बरं, संपला नाही, कुकर लावून आलो. नावातला तो 'एस' बघून घ्या. २०१८ मध्ये पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर इंग्रजीत आला तो नुसता ११. 'एस' २०१९ मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि २०२० च्या डिसेंबरात पीएस४, एक्सबॉक्सवर आला. एसमध्ये वाद्यवृंदाचं संगीत, जपानी आवाज आणि जुन्या धर्तीचा २डी मोड आहे. जुन्या पीएस४ आवृत्तीचं सेव्ह एसमध्ये चालत नाही, स्वस्तात अपग्रेडही नाही. त्यामुळे सेकंडहँड डिस्क घेताना कव्हरवर एस आहे का ते आधी बघा, भाव नंतर करा.

घेण्याआधी डेमो उतरवा. दहाएक तासांचा आहे आणि त्याचं सेव्ह पूर्ण खेळात जातं. दहा तासांत कंटाळा आला तर हा प्रकार तुमचा नाही, पैसे वाचले.

सुरुवातीला 'ड्रॅकोनियन क्वेस्ट' नावाची अडचणींची यादी समोर येते: शत्रू तगडे, दुकानातून खरेदी बंद, चिलखत बंद वगैरे. ती तिथेच निवडावी लागते. मध्येच बंद करता येते, पण बंद केलेली पुन्हा चालू होत नाही. पहिल्या खेपेला फक्त 'शत्रू तगडे' एवढंच लावा. काहीच न लावता खेळलात तर अर्ध्या वाटेवर लढाया फारच मऊ वाटतात.

आणि श्रेयनामावली आली म्हणून डिस्क काढून ठेवू नका! तिसरा अंक त्यानंतर सुरू होतो. नामावलीपर्यंत ५०-६० तास, तिसऱ्या अंकासकट ८०-१०० सहज.

रात्रपाळी
+१ पण इंग्रजीबद्दल सांगायला हवं. त्यातली पात्रं बोलीभाषेत बोलतात. गोंडोलियाची माणसं इटालियन ढंगात, हॉट्टो गावची तर चक्क हायकूत. शब्दकोश घेऊन बसणाऱ्याचं डोकं पिकतं. ज्याचं इंग्रजी कच्चं आहे त्याला पर्सोना ५ बरा, बोलणं साधं.

आठवी_ब
पर्सोना बरा??? १०० तास वाचायचंय तिथे दादा

रात्रपाळी
साधं म्हटलं, थोडं नाही म्हटलं :)

सातारी_कंदी
मुलगी नववीत. स्विच आहे. शाळा-क्लास सांभाळून दिवसाला अर्धा तास मिळतो. काय घेऊ? १०० तासांचं काही नको, दहावी संपून जाईल.

काकाकुवा
ताई, सुपर मारिओ आरपीजी. मूळ १९९६ चा, स्विचवर नव्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. १२-१५ तासांत संपतो. सोपी पातळी हवी तर 'ब्रीझी' आहे, मध्येच बदलता येते. एकच पथ्य: यात वार लागण्याच्या क्षणी बटण दाबलं तर जास्त इजा होते, आणि शत्रूच्या वाराला वेळेवर दाबलं तर आपली इजा कमी. टीव्हीचा गेम मोड बंद असेल तर चित्र उशिरा येतं, बटण चुकतं आणि पोरं म्हणतात 'कंट्रोलर खराब आहे'. कंट्रोलर खराब नसतो. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड लावा नाहीतर हातात धरून खेळू द्या.

निव्वळ पाळीच्या खेळांना (ड्रॅगन क्वेस्ट, ऑक्टोपॅथ) टीव्ही किती सुस्त आहे याने काही बिघडत नाही.

सातारी_कंदी
गेम मोड सापडला. तीन वर्षं बंदच होता. धन्यवाद.

पडवीतला_झोपाळा
वाखुसा (वाचनखूण साठवली).

न्यूजर्सीकर
पर्सोना ५ रॉयल घेणाऱ्यांसाठी, कारण हे न सांगता लोक १०० तास घालवतात आणि शेवटचा भाग उघडतच नाही. शाळेचं वर्ष कॅलेंडरवर चालतं, प्रत्येक दुपार-संध्याकाळ खर्च होते. जानेवारीचा भाग पुरता उघडायला:
मारुकी (शाळेतला समुपदेशक) रँक (मैत्रीची पातळी) ९, १७ नोव्हेंबरपर्यंत.
अकेची रँक ८, २४ नोव्हेंबरच्या आत.
कासुमी रँक ५, १८ डिसेंबरच्या आत.
यातला मारुकी घात करतो. तो रोज भेटत नाही, म्हणून शाळेत दिसला की दुसरी सगळी कामं सोडून त्याच्याकडे जायचं. अकेचीला मध्ये ज्ञान आणि चार्म वाढलेले लागतात, ते सप्टेंबरपर्यंत लांबवू नका. नोव्हेंबर लागताना वेगळ्या स्लॉटमध्ये एक सेव्ह करून ठेवा. एकाच स्लॉटवर सेव्ह करत राहिलात तर चूक लक्षात आल्यावर मागे यायला जागा नसते.

आवृत्ती: २०२० ची पीएस४ वाली आणि ऑक्टोबर २०२२ ची (स्विच, एक्सबॉक्स, पीएस५). नवीत आधीचं डीएलसी (वेगळं विकत मिळणारं जोडसामान) सगळं आत आहे. पीएस४ चं सेव्ह पीएस५ वर जात नाही. आणि हा कायम सेलमध्ये असतो, पूर्ण किंमत देऊ नका.

आठवी_ब
आणि नायक मेला की खेळ खलास, बाकीचे तिघे ठणठणीत असले तरी. अंधार किंवा प्रकाशाच्या एका मंत्रात जातो. म्हणून नायकाला तो मंत्र अडवणारा पर्सोना (नायकाची लढाऊ शक्ती) लावून फिरायचं. शेवटचं सेव्ह कुठे होतं ते आठवत बसावं लागतं कारण महालात फक्त सुरक्षित खोलीत सेव्ह होतं

तांबडा_रस्सा
आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते. सुरक्षित खोली गेली उडत.

वायरमन_काका
थट्टेचा विषय नाही हा. खेळ निवडताना सेव्ह कसं होतं हे आधी बघायला हवं. ड्रॅगन क्वेस्ट ११ परिसर बदलताना स्वतःच सेव्ह करतो, वर चर्च, पुतळे आणि मुक्कामाच्या जागा आहेत. पर्सोना ५ करत नाही.

कन्सोलचंही तसंच. स्विचला स्वतःची बॅटरी आहे, खेळ जागच्या जागी राहतो. एक्सबॉक्स सिरीजचं क्विक रिझ्यूम (खेळ सोडला तिथूनच पुन्हा सुरू करणारी सोय) एसएसडीवर लिहिलेलं असतं, लाईट गेली तरी टिकतं. पीएस५ चा रेस्ट मोड टिकत नाही. वीज तुटली की थांबवून ठेवलेला खेळ गेला, आणि चालू केल्यावर कन्सोल वर ओरडतो तुमच्यावर.

घरी इन्व्हर्टर असेल तर मागे बघा, यूपीएस आणि इको असा खटका असतो. इकोवर पालट सावकाश होते, पंख्याला कळत नाही पण कन्सोल रीस्टार्ट होतो. खटका यूपीएसवर करा. जड खेळाला पीएस५ दोनशे वॉटच्या आसपास ओढतो, टीव्ही वेगळा. पंखे-दिवे धरून बेरीज करा आणि मगच त्या प्लगवर लावा.

तांबडा_रस्सा
काका, खटका सापडला, इकोवरच होता! या धाग्यावर लोकांचे खटकेच सापडतायत.

उंबरठा
सगळे मोठ्यांचीच नावं घेताय. ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर २ (फेब्रुवारी २०२३, एक्सबॉक्सवर २०२४). आठ प्रवासी, कुठूनही सुरुवात. मात्र ज्याला पहिला निवडाल तो त्याची स्वतःची गोष्ट संपेपर्यंत चमूतून काढता येत नाही, म्हणून जो चोवीस तास डोळ्यांसमोर चालेल तोच घ्या. थ्रोने चोर आहे, जांभळ्या पेट्या उघडायला तीच लागते. तिलाच पहिली घेतली की 'पेटी दिसली पण चोर खानावळीत बसलाय' ही चिडचिड टळते.

लढाईचं गणित: प्रत्येक पाळीला एक बूस्ट पॉइंट, साठा ५ पर्यंत, एका वेळी ३ खर्चता येतात. खर्च केल्यावर पुढच्या पाळीला पॉइंट मिळत नाही. नवखे पहिल्यापासून उधळतात. आधी कमकुवत बाजूने मारून शत्रूची ढाल शून्यावर आणायची, तो कोसळला की मग सगळ्यांनी साठा ओतायचा. ढाल असताना ३ पॉइंट जोराच्या एकाच वारावर घातले तर वाया. साध्या हत्याराच्या हल्ल्यावर घातले तर एकाचे चार फटके होतात, त्याने ढाल पटकन उतरते.

स्लाइमशेठ
हे लिहिणाऱ्याला माझ्याकडून एक वडापाव.

उंबरठा
ऑनलाइन पाठवा. :)

नागपुरी_संत्रं
एक्सपिडिशन ३३ कुणीच नाही म्हणत?

काकाकुवा
फ्रेंच आहे हो तो. धागा जपानी.

नागपुरी_संत्रं
मग सी ऑफ स्टार्स?

काकाकुवा
कॅनडा.

नागपुरी_संत्रं
चेन्ड एकोज?

काकाकुवा
जर्मनी. तुम्ही मुद्दाम करताय.

खिडकीतली_मांजर
संत्रं, भूगोलाचा तास नंतर. ३३ ला बचाव करायला अचूक वेळेला बटण लागतं, निवांत पाळीवाल्यांना तो घाम फोडतो. चांगला आहे, पण 'पहिला' नाही.

जुना_गडी
फायनल फँटसी कुठून सुरू करू, हे दर महिन्याला कुणीतरी विचारतं, एकदाच लिहितो. नवा सोळावा घेऊ नका, तो हाणामारीचा खेळ आहे. जुन्या वळणाचे दोन दरवाजे आहेत.

एक, पिक्सल रीमास्टर (१ ते ६). स्विच-पीएस४ वर एप्रिल २०२३, एक्सबॉक्सवर २०२४. कन्सोल आवृत्तीत अनुभव शून्य ते चौपट करता येतो, वाटेतल्या लढाया बंद करता येतात, अक्षरांचा टाइप आणि जुनं-नवं संगीत बदलता येतं. सहाव्यापासून सुरुवात करा. दुसरा भाग पहिल्यांदा अजिबात घेऊ नका, त्यात लेव्हलच नाही. जे हत्यार वापराल ते वाढतं, मार खाल्ला की प्राण वाढतात. न कळणाऱ्याला वाटतं खेळ बिघडलाय. चौपट अनुभव लावून सगळा खेळ काढू नका, राक्षस फुंकरीने उडतात. परतीच्या वाटेवर लढाया बंद करणं एवढाच या सोयींचा उपयोग.

दोन, दहावा. पडद्याच्या कडेला पुढच्या पाळ्यांची रांग दिसते, शिकायला याहून सोपा नाही. स्फिअर ग्रिड (पात्रांची वाढ ठरवणारं जाळं) विचारेल तेव्हा स्टँडर्ड घ्या, नंतर बदलत नाही. स्विचची इंग्रजी डबी सेकंडहँड घेताना: अमेरिका-युरोपच्या डबीत कार्डावर फक्त दहावा असतो, एक्स-२ (दहाव्याचा पुढचा भाग) चा डाउनलोड कोड कागदावर. तो कागद आधीच्या मालकाने वापरलेला असणारच. दोन खेळांचे पैसे देऊ नका.

न्यूजर्सीकर
स्विच २ वाल्यांनी 'गेम-की कार्ड' हे शब्द बघावेत. कार्डात खेळ नसतो, फक्त किल्ली असते, डाउनलोड करावाच लागतो आणि खेळताना कार्डही आत लागतं. ब्रेव्हली डिफॉल्टचा रीमास्टर तसा आहे. खेळ छानच, ब्रेव्ह करून एका पाळीत चार हल्ले उधारीवर करता येतात, पण शत्रू मेला नाही तर पुढच्या तीन पाळ्या तोंड बघत उभं राहायचं. ५ ते ८ प्रकरणांत तेच ते पुन्हा येतं, तेव्हा वाटेतल्या लढायांचं प्रमाण शून्यावर आणा.

आठवी_ब
भारतात स्विच कुठून घेता सगळे

वायरमन_काका
इथे निन्टेन्डोचं ईशॉप (ऑनलाइन दुकान) नाही. बाहेरच्या देशाचं खातं आणि त्याच देशाचं गिफ्ट कार्ड, नाहीतर सरळ कार्ट्रिज. स्विचला देशाचं बंधन नाही, पण जपानी डबीत इंग्रजी असेलच असं नाही, मागच्या बाजूची भाषांची यादी वाचा. पीएसच्या डिस्क कुठल्याही देशाच्या चालतात, डीएलसी मात्र डिस्क ज्या विभागाची त्याच विभागाच्या खात्यातून घ्यावं लागतं.

कोकणी_मेवा
याकुझा लाइक अ ड्रॅगन. जपानी आरपीजी, पण राक्षस नाहीत, गुंड आहेत. बाराव्या प्रकरणात एक जोडगोळी येते, तिथे बहुतेक जण आपटतात. त्याआधीच सोतेनबोरीत आखाडा उघडतो. तो मजल्यामजल्याने चढून लेव्हल वाढवा आणि मगच जा, नाहीतर औषधं संपतील. पीएस४ चं सेव्ह पीएस५ मध्ये जात नाही, जिथे संपवणार तिथेच सुरू करा.

सातारी_कंदी
मारिओ आला. मुलगी म्हणते, 'यानंतर कुठला?' इकडे दहावीची पुस्तकं आली नाहीत अजून.

स्लाइमशेठ
ड्रॅगन क्वेस्ट ३, एचडी-२डी (नोव्हेंबर २०२४). 'ड्रॅकी क्वेस्ट' पातळीवर कुणी मरतच नाही आणि पातळी कधीही बदलता येते. गोष्टीच्या क्रमात ३ आधी, मग १ आणि २, म्हणून हाच आधी. चमूत मॉन्स्टर रँगलर (राक्षस माणसाळवणारा) घ्या, गावोगावी लपलेले प्राणी गोळा करत जा, तितका त्याचा वार जड होतो. लेव्हल २० ला व्यवसाय बदलता येतो. आकडे निम्मे होतात पण शिकलेले मंत्र राहतात, तेव्हा 'सगळं गेलं' म्हणून रडू नका.

पडवीतला_झोपाळा
अवांतर: फायनल फँटसी दहाव्यातल्या त्या विजा २०० वेळा चुकवल्यात का कुणी?

जुना_गडी
सलग २००. मोजणी पडद्यावर दिसत नाही, एक लागली की पुन्हा शून्य. रानभर फिरत बसू नका. मैदानात एक जळका खड्डा आहे, त्याच्या काठावरून आत-बाहेर केलं की ठरल्या जागी वीज पडते. पडदा पांढरा झाला की लगेच बटण, आवाजाची वाट बघायची नाही. शेजारी कुणालातरी वहीत पाच-पाचच्या रेघा मारायला बसवा. बक्षीस विश्रामगृहाबाहेरच्या पेटीत.

पडवीतला_झोपाळा
१७३ ला दारावर दूधवाला.

जुना_गडी
पॉज चालतो हो.

पडवीतला_झोपाळा
आता सांगताय.