विषय: स्काउटच्या दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये मुलं रमतील कशी?

पहिली मेल: पथकाच्या नव्या संयोजक

सर्वांना नमस्कार,

पथकाच्या मीटिंगची जबाबदारी या सत्रापासून माझ्याकडे आली आहे, म्हणून जाणत्यांकडून थोडं मार्गदर्शन हवं आहे.

कॅम्प म्हटलं की सगळी मुलं हजर असतात. एरवीच्या मीटिंगला मात्र तेरा-चौदा वर्षांची मुलं हळूहळू गळायला लागली आहेत. दीड तासातला पहिला अर्धा तास हजेरी, गणवेशाची तपासणी आणि सूचना यांतच जातो. मग एखादी गाठ किंवा प्रथमोपचाराचा भाग फळ्यावर समजावून सांगायचा, मुलांनी तो वहीत उतरवून घ्यायचा आणि वेळ उरला तर शेवटी खेळ. त्या खेळात मुलांचे चेहरे एकदम बदलतात. तेच चेहरे आधीच्या तासाभरातही दिसावेत असं मला मनापासून वाटतं. बॅजसाठी जे शिकवायचं ते शिकवायचंच आहे, त्यात काटछाट नको. मग मीटिंगची रचनाच बदलावी का?

उत्तर: माजी पथकप्रमुख

ताई, नमस्कार.

रचना बदलाच. एक क्रम उलटा केला तरी पुष्कळ फरक पडतो. आधी शिकवायचं आणि मग खेळायचं, असं न करता मुलांना अशा खेळात उतरवा की तो जिंकायला ती गाठ यावीच लागेल. मग मुलं स्वतःहून विचारायला येतात.

एक उदाहरण सविस्तर देतो, कारण आमच्या पथकात ते दर वेळी रंगलं. हॉलच्या मधोमध खडूने दोन समांतर रेषा आखायच्या. ती नदी. पलीकडच्या काठावर प्रत्येक संघातला एक जण जखमी होऊन सतरंजीवर बसलेला. अलीकडे बाकीचा संघ, आणि त्यांच्याजवळ दोन दोर: एक जाड, एक बारीक. दोन्हींपैकी एकही एकट्याने पलीकडे पोचत नाही. म्हणजे आधी ते शीट बेंडने जोडायला हवेत, कारण दोरांची जाडी वेगळी असली तरी ही गाठ धरून राहते. मग दोर पलीकडे फेकायचा. जखमीने काखेखालून स्वतःभोवती बोलाइन ही फासाची गाठ बांधायची, कारण तिचा फास ओढल्यावर आवळत नाही. त्यानंतर सगळ्यांनी मिळून त्याला सतरंजीसकट सावकाश ओढून आणायचं. कुणी घाईत रीफ नॉटने दोर जोडले तर भर नदीत ते सुटतात. अशा वेळी आपण गप्प राहायचं. दोर का सुटले यावर मुलं आपापसात जी चर्चा करतात, ती मला कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोलाची वाटते. खेळ संपला की मग दोन मिनिटांत सांगून टाका की रीफ नॉट सपाट बसते म्हणून बँडेज बांधायला उत्तम, पण भार घ्यायचे दोर तिने जोडू नयेत. ते जन्मभर लक्षात राहतं. (दोर गळ्याजवळ कधीही येता कामा नये आणि ओढताना धसमुसळेपणा नको. शेजारी एक मोठं माणूस उभं ठेवा.)

चौकोनी बांधणीचंही, म्हणजे एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन काठ्या दोराने घट्ट बांधण्याचंही, तसंच. क्लोव्ह हिचने (काठीला दोर अडकवायच्या गाठीने) सुरुवात, मग दोन्ही काठ्यांभोवती फेरे, मग त्या फेऱ्यांना आवळणारे मधले फेरे आणि शेवटी पुन्हा क्लोव्ह हिच, हे फळ्यावर कितीही सांगितलं तरी मधले फेरे मुलं विसरतातच. त्याऐवजी संघाला चार काठ्या आणि दोर द्या. चौकट बांधायची, तिच्यावर अर्धी भरलेली पाण्याची बादली ठेवायची आणि चौघांनी ती हॉलच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायची. बांधणी सैल असेल तर चौकट तिरकी होते आणि पाणी सांडतं. बांधणी नीट झाली की नाही हे तपासायला तुम्हाला जावं लागत नाही, ते काम खेळच करतो. स्काउटिंगचं कुठलंही कौशल्य शिकवायचं असेल तर मी आधी हाच प्रश्न विचारतो: हे आलं नाही तर मुलाला ते स्वतःला कळेल असा खेळ कोणता?

दुसरी गोष्ट संघांची. 1907 च्या ऑगस्टमध्ये स्काउटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं. तिथे जमलेल्या जेमतेम 20 मुलांचेसुद्धा त्यांनी चार संघ केले: लांडगा, बैल, कर्ल्यू (लांब चोचीचा एक पक्षी) आणि डोमकावळा. प्रत्येक संघ त्यातल्याच एका मुलाच्या हाती दिला. इतक्या थोड्या मुलांना एकत्र सांभाळणं त्या सेनाधिकाऱ्याला काही जड नव्हतं. तरी त्यांनी ही विभागणी केली, कारण जबाबदारी पेलायची संधी मुलांना मिळायला हवी होती. तुमच्या अर्ध्या तासाचं उत्तर यातच आहे. हजेरी आणि गणवेश संघनायकाने आपल्या कोपऱ्यात बघायचा, पाच मिनिटांत. सूचना असतील तर त्या संघनायकांना आधी द्या, ते आपल्या संघाला सांगतील. आणि मुलं दारातून आत येताक्षणी हातात काहीतरी मिळू द्या: एखादं कोडं, सोडवायची गाठ, मोर्समधला (टिंब आणि रेघांच्या सांकेतिक लिपीतला) निरोप. लवकर आलेलं मूल भिंतीला टेकून वाट बघत बसलं की पुढचा दीड तास त्याचा उत्साह ओढून आणावा लागतो.

तिसरं, खेळ रंगात आला असतानाच थांबवा. दहा-पंधरा मिनिटं पुरे. मुलांनी ‘अजून एकदा’ म्हणायला हवं. आणि ज्या खेळात बाद झालेलं मूल शेवटपर्यंत बाजूला बसून राहतं, तो खेळ एक तर सोडा किंवा बदला. बाद झालेल्याने एक गाठ बांधून दाखवावी आणि पुन्हा आत यावं. ज्याला सरावाची गरज जास्त तेच मूल लवकर बाद होतं, म्हणून हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो.

उत्तर: एका स्काउटची आई

काका, तुमची नदी मुलांना नक्की आवडेल. पण दोन शंका आहेत. माझी मुलगी बुजरी आहे. शर्यत लागली की ती मागे सरकते आणि धीट मुलं दोर हातातून काढून घेतात. शिवाय एकाच संघात अकरा आणि चौदा वर्षांची मुलं असली की लहानांना काही करूच दिलं जात नाही. दर वेळी हरणाऱ्या संघाचं काय, हाही प्रश्न आहेच.

उत्तर: माजी पथकप्रमुख

ताई, शंका अगदी रास्त आहेत. नदीच्या खेळात प्रत्येक काम वेगळ्या मुलाने करायचं असा नियमच करा: जोडणारा वेगळा, फेकणारा वेगळा, बोलाइन बांधणारा वेगळा, आणि पुढच्या फेरीत कामं बदलायची. मोठ्यांनी तोंडाने सांगायचं, हात लावायचा नाही. मग लहान मुलाला शिकवल्याशिवाय मोठ्यांना जिंकताच येत नाही. हरण्याबद्दल म्हणाल तर संघाची तुलना त्याच्याच मागच्या वेळेशी करा.

शिवाय सगळे खेळ धावपळीचे नकोत. बुजऱ्या मुलांना किम्स गेममध्ये खुलताना मी पाहिलं आहे. ताटात साधारण 24 वस्तू, मिनिटभर बघायच्या, मग झाकून संघाने एकत्र यादी करायची. हे बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून थोडं पुढे न्या. एकदा कापडी पिशवीत हात घालून नुसत्या स्पर्शाने ओळखायला लावा, एकदा डोळे मिटून नुसत्या आवाजावरून. नंतर एका काल्पनिक माणसाच्या खिशातल्या आठ-दहा वस्तू मांडा आणि विचारा: हा माणूस कोण, कुठून आला, कुठे निघाला? तिथे चिखलाचा डाग किंवा फाटलेलं तिकीट टिपणारं शांत मूल अख्ख्या संघाचा आधार होतं.

उत्तर: पथकातला ज्येष्ठ स्काउट

काकू, काका, नमस्कार. मी 17 वर्षांचा आहे, संघनायक होतो. मुलांच्या बाजूने थोडं लिहितो.

तेरा-चौदाव्या वर्षी खेळ नको असतात असं नाही, सोपे खेळ नको असतात. आम्हाला सगळ्यात आवडलेली मीटिंग म्हणजे हॉलचे दिवे घालवून टॉर्चने मोर्स पाठवण्याची. एका टोकाच्या संघाला नकाशा, दुसऱ्या टोकाला त्या नकाशावरची जागा सांगणारा निरोप. एक अक्षर चुकलं की सगळे भलत्या ठिकाणी जायचे. बाहेर उजेड असेल तर सावलीवरून झाडाची उंची काढायची पैज लावा. एक मीटरच्या काठीची सावली 80 सेंटिमीटर आणि झाडाची 6.4 मीटर असेल तर झाड 8 मीटर. आधी अंदाज करायचा, मग मोजायचं. अंदाज किती चुकतो हे बघण्यात खरी मजा आहे.

आणखी एक, जरा स्पष्ट लिहितो. संघनायकांची सभा घेणार असाल तर तिथे ठरलेलं पाळा. आम्ही बसून कार्यक्रम ठरवायचा आणि आदल्या दिवशी मोठ्यांनी तो बदलायचा, असं झालं की पुढच्या सभेत कुणी बोलत नाही. एखादी कल्पना धोक्याची किंवा न जमणारी असेल तर सभेतच सांगा, आम्ही दुसरी काढू. आमची बेतलेली मीटिंग थोडी फसली तरी चालेल. ती फसल्यावर आम्ही पुढची जास्त मेहनतीने आखतो.

उत्तर: पथकाच्या नव्या संयोजक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तुझे विशेष आभार, इतकं मोकळेपणाने लिहिलंस म्हणून.

संघनायकांशी बोलून असं ठरलं आहे: पुढच्या चार मीटिंग एका हाइकच्या तयारीच्या. पहिलीत गाठी आणि नदी, दुसरीत नकाशा, होकायंत्र आणि मोर्स, तिसरीत प्रथमोपचार, पण खोट्या जखमा रंगवून आणि संघाला अचानक त्या प्रसंगात टाकून. चौथीत प्रत्येकाने पाठपिशवी भरून आणायची आणि संघनायकाने ती उघडून बघायची. पाचव्या आठवड्यात हाइक. मार्ग मुलं निवडतील, मी आणि आणखी एक पालक तो आधी चालून बघू. प्रत्येक मीटिंगचा शेवट कंदिलाभोवती बसून एका गोष्टीने, आणि गोष्ट सांगणारा संघ दर वेळी वेगळा.

पहिल्या मीटिंगसाठी मला वेगवेगळ्या जाडीचे दोर, दोन जुन्या सतरंज्या, खडू आणि दोन बादल्या हव्या आहेत. शिवाय नदीच्या दोन्ही काठांवर लक्ष ठेवायला दोन पालक. ज्यांना जमेल त्यांनी याच मेलला उत्तर द्यावं. दोर आणणाऱ्यांनी लांबीही कळवावी, म्हणजे नदी किती रुंद आखायची ते ठरवता येईल.