गायतोंड्यांचा रोलर आणि आपलं अध्यात्म

शाईदौत

गेल्या रविवारी काळा घोड्याला चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं एक चित्र पुन्हा बघायला गेले होते. उभा कॅनव्हास, मातकट पिवळा, आणि मधे कुठेतरी पाण्याखालून वर यावा तसा उजेड. शेजारी एक बाई आठ-दहा जणांना समजावत होत्या. झेन, मौन, शून्य, सगळं झालं आणि मग म्हणाल्या, "ही चित्रं त्यांनी केली नाहीत, ती आली." लोकांनी माना डोलावल्या. एका काकांनी तर डोळे मिटले. चित्रासमोर उभं राहून डोळे मिटले हो!

माझं म्हणणं एवढंच की हे अध्यात्माचं धुपाटणं फिरवून आपण त्या माणसाचं काम झाकतोय.

१९२४ साली नागपुरात जन्म, घराणं गोव्याचं, वाढले गिरगावच्या चाळीत. १९४८ ला मुंबईच्या जे.जे. कलाशाळेचा डिप्लोमा. लघुचित्रांचा अभ्यास केला, माणसं रंगवली, मग युरोपातल्या पॉल क्ले या चित्रकाराचं काम समोर ठेवून रेषा तासली. साधारण १९६० च्या सुमारास ब्रश बाजूला पडून हातात रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरायची, खरवडायची बोथट सुरी) आले. म्हणजे "आली" म्हणतात ती चित्रं यायच्या आधी बारा-पंधरा वर्षं नुसती हाताची मजुरी आहे. आणि रोलर म्हणजे काय, तर भिंत रंगवायला वापरतात तसलंच हत्यार. पातळ रंगाचे थर, त्यावर फाडलेला कागद दाबायचा, रोलर फिरवायचा, कागद उचलायचा, खरवडायचं, परत थर. यात शून्य कुठे आहे मला दाखवा.

माझे वडील कोल्हापुरात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. डाव्या हातात काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकवून अक्षर काढायचे. पहिलं अक्षर टाकायच्या आधी कोऱ्या पत्र्याकडे अर्धा-अर्धा तास बघत बसायचे. चहावर साय धरायची. त्याला कोणी ध्यान म्हटलं नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "पेंटर, आज लागणार का पाटी?"

चाळीतून जे.जे.त गेलेल्या माणसाचं बघत बसणं ध्यान, आणि माझ्या बापाचं बघत बसणं टाइमपास. हा हिशोब मला पटत नाही. बोला.

खेतवाडीकर

ताई, तुमच्या वडिलांचं होतं ते ध्यानच होतं. गिऱ्हाइकाला कळलं नाही, यात ध्यानाचा काय दोष?

मी खेतवाडीत वाढलो. अद्वैत सांगणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचं विडीचं दुकान आणि वरची ती बुटकी माळ्याची खोली आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. वडील जायचे, मला लहानपणी सोबत न्यायचे. मला तिथे फक्त उदबत्ती आणि तंबाखूचा वास कळायचा. पण एक आठवतं. कोणी काही मिळवायला आलं असेल तर महाराज त्याला चांगलेच फैलावर घ्यायचे. रमण महर्षी आणि निसर्गदत्त या दोघांचा गायतोंड्यांवर प्रभाव होता, हे काही प्रदर्शनातल्या बाईंनी लावलेलं शेपूट नाही. झेनचंही तेच. आपल्या चित्राला "अमूर्त" म्हटलेलं त्यांना चालायचं नाही, "नॉन-ऑब्जेक्टिव्ह" म्हणा म्हणायचे. हा शब्दांचा कीस नाही. बाहेरची वस्तू घेऊन ती पुसट करत नेली की ते अमूर्त. इथे मुळात वस्तूच नाही.

आता माझा साधा सवाल. सगळं रोलरमध्येच होतं तर वर्षाला पाच-सहाच चित्रं का? रोलर ब्रशपेक्षा भराभर चालतो. पन्नास काढता आली असती. उरलेले दिवस तो माणूस काय करत होता?

तिरकस_तात्या

मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

पण एक आकडा टाकून ठेवतो. डिसेंबर २०१३, मुंबईत क्रिस्टीज या लिलाव कंपनीचा पहिला लिलाव, गायतोंड्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात मोठं प्रदर्शन. रोलरची गोष्ट सांगून एवढे पैसे सुटत नाहीत, मौनाची गोष्ट सांगावी लागते. वर्षाला पाच-सहा म्हणजे टंचाई. कांद्याचं शास्त्र, दुसरं काय.

खेतवाडीकर

तात्या, माणूस २००१ साली गेला. त्या २३ कोटींतला रुपया त्याला दिसला नाही. १९७२ ला मुंबई सोडून दिल्लीला गेला आणि निजामुद्दीनच्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहिला. साठेबाज असा राहतो होय?

शाईदौत

@खेतवाडीकर, सवाल रास्त आहे. उरलेले दिवस ते विचार करत असणार. बघत असणार, गाणं ऐकत असणार. त्याला विचार करणं म्हणायला आपल्याला लाज का वाटते? सुतार लाकूड हातात घेऊन रेषा बघतो, तेव्हा आपण म्हणत नाही की त्याला साक्षात्कार होतोय.

आणि अजून एक. १९८४ ला त्यांना अपघात झाला, मानेला इजा झाली. त्यानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास बंद. प्रेरणा जर आतून, वरून, कुठूनही देहापलीकडून येत होती, तर ती मानेच्या दुखण्याने का अडावी? माझं उत्तर सोपं आहे. चित्र खांद्यात होतं, मनगटात होतं, उभं राहून रोलर दाबण्याच्या जोरात होतं.

खेतवाडीकर

पण ते थांबले नाहीत ना! त्याच वर्षांत कागदावर शाईची छोटी कामं केली. लिपीसारखी वाटणारी, पण वाचता न येणारी चिन्हं. नळ बारीक झाला, ताई. पाणी तेच होतं. पुढे परत रंगवायलाही लागले.

तुकोबांनी साळुंकीचा दाखला दिलाय. गोड बोलते ती साळुंकी, शिकवणारा धनी वेगळाच. स्वतःच्या बळावर बोलत नाही म्हणणारा हा माणूस खोटं बोलत होता का?

शाईदौत

तुकोबा काढलेच आहेत तर पूर्ण काढा. घरातलं धन शब्दांची रत्नं आहेत म्हणणारे तेच तुकोबा शब्दांची शस्त्रं "यत्ने" करू म्हणतात. यत्ने! कोणी आणून दिली म्हणत नाहीत.

नागावची_वाडी

वाचतेय. मधेच एक आमच्या गावचं उदाहरण.

चित्रकार प्रभाकर बर्वे मूळ आमच्या नागावचे, अलिबागजवळचं. त्यांच्याही सुरुवातीच्या चित्रांना लोक तांत्रिक, म्हणजे तंत्रसाधनेतली, चित्रं म्हणतात आणि मग कुंडलिनीपर्यंत पोचतात. पण ते बनारसला का होते? विणकर सेवा केंद्रात नोकरी होती, १९६१ ते ६५. नोकरी मद्रासला असती तर तंत्र आलं असतं का, मला शंका आहे. पुढे मुंबईत आल्यावर घड्याळ, पान, शंख असल्या रोजच्या वस्तू आल्या, तेही इनॅमलच्या रंगात. आणि माणूस रोज वह्या लिहायचा. काय दिसलं, का दिसलं, कुठे ठेवलं. "आपोआप" येणाऱ्याला एवढ्या वह्या कशाला लागतात?

तरी त्यांचं चित्र बघताना पोटात काहीतरी हलतं, हे मी नाकारत नाही. त्याला काय म्हणायचं ते कळत नाही, इतकंच.

तिरकस_तात्या

चित्रकार सय्यद हैदर रझांचा तो प्रसिद्ध बिंदूही घ्या मग. जगभर ब्रह्मांड-ब्रह्मांड चाललेलं असतं. मूळ गोष्ट काय, तर पोराचं वर्गात लक्ष लागेना म्हणून मध्य प्रदेशातल्या शाळेत मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढला आणि बघत बस म्हणाले. आमच्या मास्तरांनी छडी काढली, म्हणून मी कोटींत गेलो नाही.

बर्फातली_मराठी

स्टॉकहोमहून लिहितेय. इथल्या चित्रकार हिल्मा आफ क्लिंटचं नाव कसं आलं नाही अजून? गायतोंड्यांच्या किती तरी आधीची बाई. चार मैत्रिणींसोबत प्रेतात्म्यांशी बोलायला बसायची. १९०६ ते १९१५ मध्ये एका न बांधलेल्या मंदिरासाठी १९३ चित्रं केली आणि सांगितलं की ही मला वरून करायला लावली गेली. आधीचं रेखाटन नाही, खोडाखोड नाही. सर्वात मोठी चित्रं तीन मीटरपेक्षा उंच आहेत. समोर उभं राहिलं की आपण मुंगी होतो.

शाईदौत, तुमचा वाद प्रदर्शनातल्या बाईंशी आहे, तो ठीक. पण चित्रकार स्वतःच म्हणतेय की हात माझा नव्हता, तेव्हा काय करायचं? तिला वेडी म्हणायचं, की "बाई, तुला तुझंच कळलं नाही" म्हणायचं? दुसरं मला जास्त उद्धट वाटतं.

शाईदौत

हा मुद्दा अडकवणारा आहे, मान्य. दोन दिवस उत्तर दिलं नाही ते त्यामुळेच.

तिला खोटी म्हणणार नाही. पण ती स्टॉकहोमच्या रॉयल अकादमीत शिकलेली होती, फुलापानांची बारीक चित्रं काढत होती. म्हणजे "वरच्यांनी" काम द्यायला शिकलेला हातच निवडला. माझ्या आईला किंवा तुमच्या शेजाऱ्याला नाही दिलं. अनुभव तिचा, तो तिने सांगावा, मी ऐकेन. गायतोंड्यांनी आपला हात दुसरं कोणी चालवत होतं असं म्हटल्याचं माझ्या वाचनात तरी नाही. ते इतर लोक त्यांच्या वतीने म्हणतात. माझी चिड त्या "वतीने"वर आहे.

पत्रा_आणि_पोटीन

मी रंगवतो. नाव नाही, पोट दुसऱ्या धंद्यावर. तुम्हा दोघांचंही वाचून राहवेना, म्हणून शनिवारी करूनच पाहिलं.

दोन बाय तीनचा कॅनव्हास. पिवळा ऑकर (मातकट पिवळा रंग) जवसाच्या तेलात आणि टर्पेंटाइनमध्ये पातळ करून दोन थर, मधे वाळायला वेळ. वर गडद हिरवा. तो ओला असताना वर्तमानपत्र फाडून टाकलं आणि रबरी रोलर फिरवला. इथे पहिली गोष्ट कळली. कागद तेल पितो. लगेच उचललात तर वरचा थर नुसता ओरखडतो. फार वेळ ठेवलात तर कागद चिकटून बसतो आणि फाटतो. मधे एक क्षण असतो, तेव्हा तो नीट सुटतो आणि खालचा पिवळा उघडा पडतो. उजेड येतो म्हणता ना, तो इथून येतो.

तो क्षण घड्याळावर सापडत नाही. मी सात तुकडे टाकले, पाच फुकट गेले. सहाव्याला मी काही ठरवलं नाही, हात आपोआप कोपऱ्याकडे गेला आणि बरोबर सुटला. आता हे पाच चुकांमुळे झालं की कशामुळे, देव जाणे. भाकरी तव्यावर कधी उलटायची हे आमची आजी सांगू शकायची नाही, पण तिची कधी करपली नाही. शाईदौत म्हणतील सराव. खेतवाडीकर म्हणतील कृपा. उलटण्याच्या क्षणी आजीला दोन्ही सुचत नसणार. तवा तापलेला असतो.

पण शाईदौत, एक तुमच्या विरुद्ध. तुकडा दाबल्यावर खाली काय होतंय ते दिसत नाही. ब्रशचा फटका डोळ्यांसमोर पडतो, हा झाकून पडतो. म्हणजे या माणसाने मुद्दाम असं तंत्र निवडलं की महत्त्वाच्या क्षणी आपल्याला दिसूच नये. हे नुसत्या कारागिराचं लक्षण नाही. पाटी रंगवणारा हे कधी करणार नाही.

शाईदौत

हे मी धरलं नव्हतं. वडील अक्षर झाकून रंगवतायत हे डोळ्यांसमोर आणून पाहिलं. गिऱ्हाइकाने पत्रा डोक्यात घातला असता.

तरी "कृपा" नाही म्हणणार. सध्या काहीच नाही म्हणत.

खेतवाडीकर

महाराजांच्या खोलीत एवढ्यावर चहा मिळाला असता तुम्हाला.

पत्रा_आणि_पोटीन

अपडेट. सातवा तुकडा रात्रभर विसरलो होतो, आज सकाळी सोलून काढला. नेमकं श्रद्धांजलीचं पान होतं. हिरव्यावर उलटी अक्षरं उमटलीत, पुसट, "शोकाकुल" एवढंच लागतंय आरशात धरलं तर. बायको म्हणते पुसून टाक, अपशकुन आहे. मला ते त्या कॅनव्हासवरचं सगळ्यात चांगलं वाटतंय.

तिरकस_तात्या

याला साक्षात्कार म्हणू नका फक्त. भाव वाढेल.

पत्रा_आणि_पोटीन

वाळायला आठवडा लागेल. तोवर बायकोची समजूत घालतो.