मदत हवी आहे: कॅलिबरमधली पुस्तकं केबलशिवाय मोबाइलवर कशी घ्यायची?

चिरेबंदी (डिचोली):
घरच्या विंडोज संगणकावर कॅलिबर या ई-पुस्तकं सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बरीच मराठी पुस्तकं साठवली आहेत. बहुतेक इपब (ई-पुस्तकांचा फाइलप्रकार), विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावरून उतरवलेली. ती अँड्रॉइड मोबाइलवर हवी आहेत. मोबाइलचा चार्जिंग पोर्ट ढिला झालाय. केबल लावली की चार्जिंग होतं, फायली काही दिसत नाहीत. 'गूगल ड्राइव्हवर चढव' असं सगळेच सांगतात. पण आमच्याकडे पावसात इंटरनेट कधी जाईल याचा नेम नाही, आणि माजघरातली फाइल सोप्यावर आणायला सातासमुद्रापार कशाला धाडायची?

कॅलिबरच्या 'कनेक्ट/शेअर'मधून कंटेंट सर्व्हर (संग्रह घरातल्या इतर यंत्रांना ब्राउझरमध्ये दाखवणारी सोय) सुरू केलाय. संगणकाच्या ब्राउझरमध्ये सगळी मुखपृष्ठं मस्त दिसतात. मोबाइलवर तोच पत्ता (१९२.१६८.१.५:८०८०) टाकला की पान नुसतं फिरत राहतं. संगणक राउटरला तारेने जोडलाय, मोबाइल वाय-फायवर. भिंती चिऱ्याच्या, जाड. पण राउटरला खेटून उभं राहिलं तरी तेच. तार आणि वाय-फाय असं मिश्रण चालत नाही का?

मांडवीकाठ:
चालतं, राउटर एकच असला म्हणजे झालं. मोबाइल 'गेस्ट' वाय-फायवर नाही ना बघा. पाहुण्यांना घरातली इतर यंत्रं दिसू नयेत म्हणूनच ती सोय असते. तसं नसेल तर माझा संशय फायरवॉलवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या विंडोजच्या पहारेकऱ्यावर. विंडोजने घरचं नेटवर्क 'पब्लिक' धरलं असेल तर तो मोबाइलला दारातच अडवतो. सेटिंग्जमध्ये इथरनेट उघडून 'प्रायव्हेट' करा, आणि फायरवॉलच्या परवानगीच्या यादीत कॅलिबरपुढे प्रायव्हेटची खूण आहे का पाहा. मोबाइलवर पत्त्याच्या आधी एचटीटीपी लिहा, शेवटचा एस नको.

फणसपोळी:
एवढा खटाटोप कशाला भाई? दोन्हीकडे लोकलसेंड हे फायली पाठवायचं अ‍ॅप घाला. फुकट आहे, खातं नको, इंटरनेट नको. फायरवॉलची कटकट मात्र तिथंही होऊ शकते.

मांडवीकाठ:
चार पुस्तकांपुरतं लोकलसेंड झकास. अख्खा संग्रह चाळत हवं ते उचलायचं तर कॅलिबरच बरं.

चिरेबंदी:
उघडलं! इथरनेट 'पब्लिक'च होतं. पुस्तकं उतरली, जोडाक्षरंही धड दिसतायत. पण आज वीज जाऊन आली आणि पत्त्याच्या शेवटी ५ चा ८ झाला. दरवेळी संगणकापाशी जाऊन बघत बसायचं का?

मांडवीकाठ:
नको. राउटरच्या सेटिंग्जमध्ये डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) या नावाखाली 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' किंवा तशाच नावाचं काहीतरी सापडेल. तिथं संगणकाला एकच पत्ता कायमचा बांधून द्या. मग मोबाइलवर मून प्लस रीडर या वाचनाच्या अ‍ॅपच्या नेट लायब्ररीत तो पत्ता ८०८० सकट टाका, पुढे तिरकी रेघ आणि ओपीडीएस, इंग्रजी लहान अक्षरांत. ब्राउझर न उघडता पुस्तकं थेट अ‍ॅपात येतील. कॅलिबर उघडं राहू द्या आणि संगणकाचं स्लीप बंद करा, तो झोपला की सर्व्हरही झोपतो.