लांब काम आधी लावलं की प्लॅनिंग संपलं?

शॉपफ्लोअर: कालच्या पोस्टमध्ये एकाने ठोकून दिलंय, "सगळ्यात लांब काम आधी लावा, पुढचं जी मशीन आधी मोकळी होईल तिच्यावर टाका. बाकी सगळे सॉफ्टवेअर खपवायचे धंदे." राहवलं नाही म्हणून लिहितोय. दोन सारख्या मशीन, कामं ३, ३, २, २, २ तासांची. या नियमाने एकीवर ७ तास, दुसरीवर ५. तेच तीन-तीनची दोन्ही एकीवर आणि दोनची तिन्ही दुसरीवर लावा, ६ तासांत दोन्ही मोकळ्या. हा तास कोण भरून देणार?

आकडेवाला: उदाहरण वेचून आणलंय. गणितज्ञ रॉनल्ड ग्रॅहमने १९६९ मध्येच सिद्ध केलं की हा नियम सर्वोत्तम वेळेच्या ४/३ पटीपलीकडे जात नाही. दोन मशीनला ७/६, म्हणजे तुमच्या ६ च्या जागी ७ याहून वाईट होऊच शकत नाही. नेमकं उत्तर काढणं दोन मशीनलाही एनपी-हार्ड, म्हणजे कामं वाढली की ते दरवेळी झटपट काढणारी पद्धत कोणालाच माहीत नाही. पाळी सुरू होताना यादी हातात लागते, प्रबंध नाही.

सेटर: सेटिंगचा, म्हणजे साचा-रंग बदलून मशीन तयार करायचा वेळ शून्य धरून भांडताय दोघं! प्लास्टिक मोल्डिंगला पांढऱ्या रंगानंतर काळा लावला तर लवकर उरकतं. काळ्यानंतर पांढरा आला की पर्जिंग करत बसा, म्हणजे मशीनमधला जुना रंग ढकलून काढत बसा. करड्या रेघा जात नाहीत तोवर फर्स्ट पीस, म्हणजे तपासणीचा पहिला नग, ओके होत नाही. प्लॅनमध्ये दोन्हींना एकच आकडा. उशिराचा जाब मात्र आम्हालाच.

दुपारपाळी: रंगाचे गट करत बसलं तर आज जायचा माल अडकतो. मशीन भरलेली दिसते आणि गाडी रिकामी उभी. फोन मला येतात, तुम्हाला नाही.

सेटर: साचा चढवून, तापवून झाल्यावर "उतरवा, दुसरा अर्जंट आहे" सांगायला कोण येतं? तुम्हीच. एका पाळीत दोनदा झालंय माझ्याबरोबर. जेवायला गेलो नाही मी त्या दिवशी.

दुपारपाळी: मी काय हौसेने येतो? तारीख सेल्स देतं, मला विचारून देत नाही.

आकडेवाला: आवाज चढवून सेटिंग कमी होणार नाही. क्रमानुसार सेटिंग बदलत असेल तर ४/३ ची हमी टिकत नाही, एवढं मान्य. पण कुठल्या रंगानंतर कुठला, किती वेळ, याची नोंद कुठे आहे? लॉगबुकात नुसतं 'सेटिंग' लिहिता.

सेटर: लिहीन. पण तो तक्ता बघूनच यादी लागली पाहिजे.

शॉपफ्लोअर: आणि आजच्या गाडीचं काम त्या यादीत वेगळं दाखवा, नाहीतर हे दोघं उद्या परत इथेच.