साडेचार वर्षांचा मुलगा केळीला "तेय" म्हणतो, बोलणं-वाचणं घरी कसं घ्यावं?

दारव्ह्याकडची आई

नमस्कार. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. मुलगा साडेचार वर्षांचा, यंदाच कॉन्व्हेंटमध्ये टाकला. बाईंनी डायरीत लिहून पाठवलं की उच्चार अशुद्ध आहेत, घरी शुद्ध मराठी बोला, जमलं तर इंग्रजी. तो शाळेला शाया म्हणतो, डोळ्याला डोया, पाण्याला पानी. काकाला ताता, गाडीला दाडी, अन् केळीला तेय. बाकी बडबड भरपूर, घरच्यांना सगळं समजते.

सध्या सोयाबीनची सोंगणी सुरू आहे, त्यामुळे दिवसभर तो आजीजवळ असतो. सासूबाई पक्क्या वऱ्हाडी. त्यांना कसं सांगू की पोराशी असं बोलू नका? यांचं म्हणणं टॅब घेऊन टाकू, त्यात सगळं शिकवतात. अक्षरांचे तक्ते आणून भिंतीला लावले, तर तो तिकडं पाहतही नाही. जास्त खर्च जमणार नाही. काय करावं?

अंगणवाडीची ताई

ताई, पहिलं म्हणजे सासूबाईंना काही सांगू नका. दिवसभर लेकराशी बोलणारं माणूस घरात आहे, त्याचं तोंड बंद करून टॅब आणायचा हा कुठला हिशोब?

कॉन्व्हेंटच्या बाईंनी दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या. शाया, डोया, पानी हे बोबडं बोलणं नाहीच. आपल्या वऱ्हाडात ळ चा य होते अन् ण चा न. आजी तसं म्हणते, गावातले निम्मे लोक म्हणतात, मी पण घरी तसंच बोलते (इथं लिहायला बसले म्हणून जरा नीटनेटकी झाले). पोरगा जे ऐकतो ते बरोबर उचलतो. शाळेत ऐकून अन् पुढं पुस्तकात पाहून त्याला ळ येईल, अन् घरी आजीशी तो य च म्हणेल. दोन्ही राहू द्या.

ताता अन् दाडी मात्र आजी म्हणत नाही ना? मग ते त्याचं स्वतःचं आहे. "तेय" मधला य आजीचा, त त्याचा. क-ग च्या जागी त-द लहान मुलं म्हणतातच, पण चार वर्षं उलटली की सहसा सुटते. साडेचारला राहिलं म्हणून घाबरायचं नाही, पण एकदा दाखवून घ्यायचं, अन् सगळ्यात आधी कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक, म्हणजे आरबीएसकेची गाडी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. ते वजन-उंचीसोबत बोलणं, ऐकणं, वाढ उशिरा होते का हेही पाहतात अन् गरज वाटली तर पुढं पाठवतात. पैसे लागत नाहीत.

तोपर्यंत घरी काय? "दाडी नाही, गाडी म्हण" असं दहा वेळा म्हणवून घेऊ नका, पोरगं बोलायचंच बंद करते. तो म्हणाला "दाडी आली", की तुम्ही म्हणा, "हो, गाडी आली. कोणाची गाडी आहे?" एवढंच. त्याच्या कानावर बरोबर शब्द गेला अन् गप्पाही तुटल्या नाहीत.

आता भुलाबाईचे दिवस आहेत. तुमच्याकडं मुली बसवत असतील तर त्याला रोज तिथं बसवा, मुलगा असला म्हणून काय झालं. गाण्यांत तीच ओळ थोडी बदलून पुन्हा पुन्हा येते, ती लेकराच्या तोंडी आपोआप बसते. अन् माझी खरी आवडती गोष्ट म्हणजे खिरापत ओळखणं. झाकलेला डबा हलवायचा अन् विचारायचं: गोड आहे की खारट? कोरडं की ओलं? दातानं तोडावं लागते का? मी अंगणवाडीत हे कोजागिरीनंतरही चालू ठेवते. डब्यात कधी फुटाणे, कधी बोरं, कधी नुसता साबणाचा तुकडा. जे पोरगं एरवी "हे दे, ते दे" च्या पुढं जात नाही, तेही "गुळगुळीत आहे काय?" विचारायला लागते. तुमच्या सासूबाई हे माझ्यापेक्षा चांगलं घेतील.

वाचनाची तयारी कानापासून होते. शेतातली नावं घ्या अन् टाळ्या वाजवा. तूर, एक टाळी. सो-या-बीन, तीन. हर-भ-रा, तीन. मग "म" नं सुरू होणारं घरात काय काय आहे ते शोधा: मिरची, माठ, मांजर. शब्द तुटतो अन् जुळतो हे कानाला कळलं की पुढं अक्षर जड जात नाही. भिंतीवरचे तक्ते दिवाळीपर्यंत गुंडाळून ठेवा.

पवनीवाला (भंडारा)

कानाचं मनावर घ्या, ताई. आमची मुलगी टीव्हीचा आवाज वाढवायची, आम्ही म्हणायचो हट्टी आहे. तिला सर्दी कायमच असायची. तपासल्यावर पडद्याच्या मागं पाणी निघालं. उपचारानंतर शब्द साफ यायला लागले.

चिखलदऱ्याचे गुरुजी

अंगणवाडीच्या ताईंशी सहमत, फक्त तक्त्यांबद्दल नाही. गुंडाळू नका, क्रम बदला. अ ते ज्ञ पाठ होईपर्यंत मुलाला एकही शब्द वाचता येत नाही, म्हणून तो पळतो. चार-पाचच अक्षरं घ्या ज्यांचे लगेच शब्द होतात. तुमच्या मुलाला क-ग अजून निघत नाहीत, तर ते बाजूला ठेवा. प, म, न, ल अन् काना एवढ्यावर पान, मान, पाल, लाल, माल, माप, मामा, नाना इतके शब्द बनतात. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहा. चार-पाच मिनिटं, मग खेळायला सोडा.

माझ्या वर्गात निम्मी मुलं घरी कोरकू बोलतात. पहिलीत आधी त्यांना कोरकूतच चित्रावर बोलू देतो. जी मुलं स्वतःच्या भाषेत भरपूर बोलतात ती मराठी वाचायलाही लवकर धजतात, हा माझा अनुभव.

टॅबची गरज नाही. घरच्या मोबाईलवर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर उघडा, 2015 पासून आहे. मराठी गोष्टी फुकट, पहिल्या पातळीच्या निवडा. मोबाईल मात्र तुमच्या हातात, बोट त्याचं. जागतिक आरोग्य संघटना या वयाला बसून स्क्रीन पाहायचा वेळ दिवसाला एक तासाच्या आतच ठेवायला सांगते, अन् तो कमी असेल तितकं चांगलं.

दारव्ह्याकडची आई

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना खिरापतीचं सांगितलं, त्यांनी लगेच डब्यात चिंचोके भरले. एक विचारायचं राहिलं, मुलगा अंगणवाडीत नाही तर आरबीएसकेवाले पाहतील काय? अन् डायरीत उत्तर काय लिहू?

अंगणवाडीची ताई

डायरीत लिहा, "ळ अन् ण ची काळजी नको, क-ग साठी तपासणी करून घेतो." बाईंनाही सोपं जाईल. इंग्रजी शाळेत होऊ द्या, घरी नको.

गाडीची तारीख गावच्या सेविकेला आधी कळते. तिला विचारून त्या दिवशी पोराला घेऊन जा, आपल्याकडचं लेकरू आहे म्हटल्यावर कोणी हाकलत नाही. तारीख लांब असली तर वाट पाहू नका, सरकारी दवाखान्यात कान-नाक-घसावाले असतात तिथं दाखवा. अन् तो कोणता शब्द कसा म्हणतो ते कागदावर लिहून न्या, नाहीतर मोबाईलमध्ये रेकॉर्ड करा. घरी कितीही बडबडे असले तरी डॉक्टरासमोर पोट्टे तोंडच उघडत नाहीत.