रोजच्या मशीनला १.४२ व्होल्ट? माझा विरोध आहे, तुमचं काय म्हणणं?

म्हापशाचा जोडणीवाला

चौदा वर्षं म्हापशात कॉम्प्युटर जोडून देतो, दुरुस्त करतो. गेल्या आठवड्यात मडगावहून एक मशीन आलं. मालक लग्नाचे व्हिडिओ करतात. तक्रार अशी की रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) पाऊण झालं की प्रोग्राम बंद पडतो आणि कधीकधी चांगली झिप फाइल उघडताना 'फाइल खराब आहे' असं दाखवतो. त्यांची रॅम बदलून झाली होती, विंडोज दोनदा नव्याने टाकून झालं होतं.

बायोस (मशीनची मूळ सेटिंगं असतात तो भाग) उघडलं आणि कारण समोर आलं. कोअर व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरच्या गाभ्याला मिळणारं व्होल्टेज, १.४२ वर हाताने बांधलेलं, सगळे कोअर ५.१ गिगाहर्ट्झवर, लोड-लाइन कॅलिब्रेशन (लोडखाली व्होल्टेज खाली बसू न देणारं सेटिंग) सगळ्यात वरच्या पायरीवर. दीड वर्षापूर्वी ओळखीच्या मुलाने हौसेने करून दिलं होतं. मी सगळं मूळ सेटिंगवर आणलं, तरी चाचणीत चुका येतच राहिल्या. शेवटी ४.५ वर उतरवलं तेव्हा कुठे रात्रभराची चाचणी पार पडली. याच मॉडेलचा दुसरा प्रोसेसर माझ्याकडे १.२० व्होल्टवर ४.७ बिनतक्रार चालवतो. म्हणजे हा झिजला, आणि झीज उलट फिरत नाही.

हिशोब मांडून बघा. चिपचा वीजवापर ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढतो. १.२० चं १.४२ केलं की वर्गानेच ४० टक्के वाढ, त्यावर ४.७ चं ५.१. एकूण वीज दीडपटीच्या वर, वेग मात्र साडेआठ टक्के. १२५ वॉटची चिप १९० वॉट खाते. ज्या कूलरवर ती १२५ वॉटला खोलीपेक्षा ४५ अंश वर राहायची, त्याच कूलरवर आता ६८ अंश वर जाणार. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ३२ अंश असतात. बेरीज करा, १०० होते. तिथे प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. मग मिळवलं काय?

माझं मत स्पष्ट आहे. ज्या मशीनवर दुसऱ्याचं काम आहे, तिथे व्होल्टेज वाढवून ओव्हरक्लॉक करू नये, म्हणजे प्रोसेसर ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवू नये. चिप जळाली तर निदान कळतं. झिजलेली चिप चुकीचा हिशोब करते आणि ब्र काढत नाही. लोकांच्या लग्नाच्या फाइली त्यातून जातात.

फर्मागुडीचा माजी विद्यार्थी

साफ असहमत. एका बिघडलेल्या मशीनवरून सगळ्या हौसेला दोषी ठरवू नका.

फर्मागुडीला इंजिनिअरिंग करताना आम्ही हॉस्टेलच्या खोलीत जुन्या बोर्डांवर हेच करत बसायचो. व्हीआरएम (प्रोसेसरला लागणारं व्होल्टेज बनवणारा बोर्डवरचा भाग) म्हणजे काय, क्लॉक आणि गुणक यांचं नातं काय, हे मला तिथे कळलं, पुस्तकातून नाही. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. ६६ मेगाहर्ट्झचा बस (ज्या क्लॉकला गुणकाने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो) १०० वर नेला की ३०० चा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर पळायचा. स्वस्तातल्या चिपमधून महागाची कामगिरी मिळायची, आणि त्यातून एक अख्खी पिढी हार्डवेअर शिकली. इंटेलच्या सँडी ब्रिज पिढीचा २६००के २०११ साली ३.४ गिगाहर्ट्झचा म्हणून विकला गेला आणि लोकांनी तो साडेचारवर वर्षानुवर्षं चालवला.

कंपनीने चिपचं आयुष्य धरताना भरपूर मार्जिन ठेवलेलं असतं. दहा वर्षं टिकणारी चिप सहा वर्षं टिकली, तर बिघडलं काय? पाच वर्षांनी तसंही बदलणारच ना?

म्हापशाचा जोडणीवाला

सेलेरॉनचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे, बाब. तो ४५० वर बहुतेकदा मूळ २ व्होल्टवरच चालायचा. मार्जिन फुकट पडलं होतं ते लोकांनी उचललं. आजचा प्रोसेसर ते मार्जिन बूस्टमध्ये, म्हणजे आपोआप वेग वाढवण्यात, स्वतःच खातो. कंपनीने ताटात काहीच उरवलेलं नाही. आता वरचे दोन-चारशे मेगाहर्ट्झ हवे असतील तर ते व्होल्टेज ओतूनच मिळतात.

त्या काळातही ओतणाऱ्यांना किंमत मोजावी लागली. २००२ च्या सुमारास पेंटियम ४ नॉर्थवूडला १.७ व्होल्टच्या वर नेणाऱ्यांच्या चिपा काही आठवड्यांत, महिन्यांत मरू लागल्या. त्याला नावही पडलं होतं, 'सडन नॉर्थवूड डेथ सिंड्रोम'.

वास्कोची रात्रपाळी

झीज म्हणजे नेमकं काय होतं ते सांगतो, कारण बरेच जण याला फक्त उष्णतेचा प्रश्न समजतात.

चिपमधल्या तांब्याच्या तारा इतक्या बारीक असतात की वाहणारे इलेक्ट्रॉन धातूचे अणू ढकलत नेतात. एका ठिकाणी पोकळी पडते, दुसरीकडे ढीग साठतो. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस याचं सूत्र मांडलं. प्रवाहाची घनता वाढली की आयुष्य साधारण तिच्या वर्गाने घटतं, आणि तापमानाने तर घातांकी. दुसरी झीज ट्रान्झिस्टरच्या गेटखालच्या इन्सुलेटरची. तो थर काही नॅनोमीटरचाच. जास्त व्होल्टेजखाली त्यात दोष साठत जातात आणि ट्रान्झिस्टर मंद होतो. मग त्याच वेगासाठी जास्त व्होल्टेज लागतं, ते दिलं की झीज आणखी वेगाने. कूलर कितीही भारी लावा, व्होल्टेजचा हा भाग त्याने थांबत नाही.

आणि त्या मशीनवर लोड-लाइन कॅलिब्रेशन टोकाला होतं, ते मला १.४२ पेक्षा जास्त खटकतं. लोड आला की व्होल्टेज थोडं खाली बसणं ही मुद्दाम केलेली सोय आहे. ती काढून टाकली की लोड अचानक सुटताना व्होल्टेज क्षणभर ठरवलेल्या आकड्याच्या वर उसळतं. सॉफ्टवेअरमध्ये ती उसळी दिसतच नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो. स्क्रीनवर १.४२ दिसत होतं, चिपला किती बसत होतं ते कुणी पाहिलं?

डिचोलीची एडिटर

मी रोज रेंडर करणारी बाई आहे, म्हणून विचारते. डिसेंबर ते मे लग्नांचा सीझन. पाच-पाच तासांची रेंडरं, सकाळी घरचे पेनड्राइव्ह न्यायला दारात. साडेआठ टक्के तुम्हाला थोडे वाटतात, मला नाही वाटत. आणि खरं सांगा, आपल्याकडे पावसाळ्यात लाईट खालीवर होते, त्यानेच चिपा जात नसतील कशावरून?

फर्मागुडीचा माजी विद्यार्थी

लाईटचा मुद्दा चुकीचा आहे, ताई, आणि इथे मी जोडणीवाल्यांच्या विरोधात असूनही सांगतो. भिंतीतले २३० व्होल्ट चिपपर्यंत पोचतच नाहीत. एसएमपीएस (मशीनचा पॉवर सप्लाय) त्याचे १२ करतो, बोर्डवरचा व्हीआरएम १२ चे एक-सव्वा. लाईट खालीवर झाली तर सप्लाय जाईल, हार्ड डिस्क जाईल, कोअर व्होल्टेज त्याने हलत नाही. यूपीएस घ्या, पण वेगळ्या कारणासाठी.

जोडणीवाले, मूळ सेटिंगवर राहिलं की सुरक्षित, हा तुमचा विश्वास मला पटत नाही. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचं काय झालं? लोकांनी काहीही न छेडता चिपा झिजल्या. कंपनीचाच मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांचा प्रोग्राम) गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्ट २०२४ मधल्या अपडेटने १.५५ च्या वरची मागणी रोखली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. एएमडीकडे २०२३ मध्ये रायझेन ७०००एक्स३डी चिपा सॉकेटमध्येच जळाल्या. मेमरीचं तयार प्रोफाइल चालू केलं की काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (चिपमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं) फार वर नेत होते. मग १.३ ची मर्यादा घातली. उलट आकडे स्वतः वाचणारा, हाताने बांधणारा माणूसच अशा वेळी वाचला.

म्हापशाचा जोडणीवाला

हे मान्य. 'ऑटो' म्हणजे सुरक्षित असं मी यापुढे म्हणणार नाही. पण या दोन्ही गोष्टींत चिप मारली कुणी? जास्तीच्या व्होल्टेजनेच. ते कंपनीने दिलं की मुलाने, चिपला फरक पडत नाही. फरक एवढाच की तिथे वॉरंटी होती. माझ्या गिऱ्हाइकाने दुकानात विचारलं तेव्हा ओव्हरक्लॉकचं नाव काढताच हात वर केले.

तुमची दहाची सहा वर्षं झालेली चिप शेवटच्या दोन वर्षांत कुणाचं काम करत असते, हे मला विचारायचं आहे. ती सहाव्या वर्षी एकदम थांबत नाही. चौथ्या वर्षापासून अधूनमधून एखादा बिट चुकवते.

ताई, तुमचा हिशोब: पाच तासांच्या रेंडरमागे २३ मिनिटं वाचतात. चौथ्या तासाला एकदा कोसळलं की दहा रेंडरांची बचत एका रात्रीत गेली.

वास्कोची रात्रपाळी

माझ्या एका मित्राने उष्णतेवर उपाय म्हणून चिलर लावला, पाणी १५ अंशांवर. जुलैत. हवा २८ अंश आणि ओलावा ९० टक्के असला की २६ अंशांच्या खालच्या कुठल्याही गोष्टीवर पाणी धरतं. सकाळी नळ्यांच्या जोडावरून थेंब थेट ग्राफिक्स कार्डच्या पाठीवर. परदेशातल्या कोरड्या खोलीतले व्हिडिओ बघून आपल्या किनाऱ्यावर करू नका, एवढंच.

उलट्या दिशेने जा की. व्होल्टेज ०.०५ ने कमी करा. थंड राहील, बूस्ट जास्त वेळ टिकेल.

फर्मागुडीचा माजी विद्यार्थी

तेही आंधळेपणाने नको. व्होल्टेज कमी पडलं की नेमक्या त्याच गुपचूप चुका होतात ज्यांची जोडणीवाल्यांना भीती आहे. झीज कमी होते, हा फायदा खरा. पण चाचणी दोन्हीकडे तेवढीच कडक हवी.

हौसेच्या मशीनबद्दल माझं मत बदललेलं नाही. मुलांनी जुन्या बोर्डावर १.५ देऊन बघावं, जाळावं, शिकावं. दुसऱ्याच्या कमाईच्या मशीनवर न सांगता करणं मात्र चूक, हे मानतो. मीही एकदा एका मामांच्या मशीनवर केलं होतं. त्यांना अजून माहीत नाही. या चवथीला घरी गेलो की सांगतो आणि मूळ सेटिंगवर आणून ठेवतो.

डिचोलीची एडिटर

देव बरें करूं सगळ्यांचं. आत्ता बायोस उघडून बघितलं. माझ्याकडे १.३८ आहे, आणि मी ते ठेवलेलं नाही. ज्याने मशीन जोडून दिलं त्यानेच केलं असणार, मला कुणी विचारलं नव्हतं. बायोस अपडेट करून सगळं मूळ जागी आणते. मग एका मोठ्या फाइलचा चेकसम (फाइलवरून निघणारा ताळ्याचा आकडा) वीस वेळा काढते. वीसही वेळा आकडा तोच आला नाही तर तो फोटो इथे टाकते. शनिवारी सावर्ड्याचं लग्न आहे, त्याच्या आधी मला हे कळायला हवं.