माहिती अधिकाराचे अर्ज पुरे झाले. कागद मागितल्याशिवाय खुले व्हावेत यासाठी काय करावे?

प्रश्न : पारोळा तालुक्यातील एक शेतकरी

आमच्या गावातील नळ पाणीपुरवठा योजनेचे काम कागदोपत्री पूर्ण झाले आहे. जलकुंभ उभा राहिला. जलवाहिनी मात्र निम्म्या गावापर्यंतच आली. वरच्या आळीतील बाया अजूनही विहिरीवरून पाणी आणतात. कामाच्या फलकावर अंदाजपत्रकीय रक्कम रंगवलेली होती, तीही दोन पावसाळ्यांत धुऊन गेली.

मी एकापाठोपाठ तीन अर्ज केले. पहिल्यात ‘काम अपूर्ण का राहिले आणि त्यास जबाबदार कोण’ असे विचारले, तेव्हा ‘माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही’ असे उत्तर आले. दुसऱ्यात पाच वर्षांतील सर्व कामांची संपूर्ण माहिती मागितली, ती ‘एका विषयाशी संबंधित नाही’ म्हणून नाकारली. तिसऱ्यात फक्त या योजनेचे अंदाजपत्रक व मोजमाप पुस्तिकेची प्रत मागितली, तर ‘अभिलेख आढळून येत नाही’ असे एका ओळीत कळवले. प्रथम अपिलाच्या सुनावणीत मला कोणी बोलू दिले नाही असे नाही, परंतु आदेशात माझे बोलणे कोठेच उतरले नाही. आता द्वितीय अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे पडून आहे.

या अनुभवानंतर आसपासच्या पाच-सहा गावांतील आम्ही काही जणांनी ठरवले आहे की प्रत्येकाने सुटा अर्ज करत बसण्याऐवजी हे कागद मुळातच सर्वांसमोर असावेत यासाठी मोहीम काढावी. तिची मागणी नेमकी काय असावी आणि कायद्यात तिला आधार कोणता, हे जाणकारांनी सांगावे. आणखी एक अडचण मोकळेपणाने लिहितो : आमच्याकडे ‘माहिती अधिकारवाला’ हा शब्द आता सन्मानाने उच्चारला जात नाही. अर्ज दिला की ‘कितीवर मिटवायचे?’ असे विचारणारे भेटतात. हा शिक्का कसा टाळावा?

उत्तर 1 : जिल्हा परिषदेतील निवृत्त वरिष्ठ सहायक, धुळे

तीस वर्षांहून अधिक काळ मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो आहे, म्हणून आपल्याला आवडणार नाही असे आधी सांगतो : पहिली दोन उत्तरे नियमाला धरून आहेत. जी माहिती कागदावर अस्तित्वात आहे तीच द्यावयाची असते, नवे स्पष्टीकरण तयार करून द्यावयाचे नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. एका अर्जात एकच विषय आणि साधारणपणे दीडशे शब्द ही मर्यादा महाराष्ट्राच्या नियमांत 2012 पासून आहे. ‘का’ विचारले की लिपिक सुटतो. ‘अमुक कागदाची प्रत द्या’ म्हटले की त्याला कपाट उघडावे लागते.

तिसरे उत्तर मात्र साफ चुकीचे आहे, आणि ते का टिकत नाही हे थोडे विस्ताराने लिहितो. कोणत्याही बांधकामाचे देयक मोजमाप पुस्तिकेतील नोंदीशिवाय निघत नाही. देयकावर त्या पुस्तिकेचा क्रमांक आणि पानांचे क्रमांक लिहिलेले असतात. पुस्तिकांना अनुक्रमांक असतात आणि कोणती पुस्तिका कोणत्या अभियंत्याकडे दिली याची नोंदवही असते. म्हणजे पैसे अदा झाले असतील तर त्या दिवशी पुस्तिका कार्यालयात होती, हे कार्यालयानेच सही करून मान्य केलेले आहे. तेव्हा आता पुस्तिका मागू नका; अदा केलेल्या देयकांच्या प्रती, रोकडवहीतील संबंधित पाने आणि पुस्तिका वाटपाच्या नोंदवहीचा उतारा मागा. देयके लेखा शाखेत असतात, बांधकामाच्या कपाटात नव्हे, त्यामुळे ‘सापडत नाही’ हे वाक्य तेथे चालत नाही. एवढे होऊनही पुस्तिका मिळाली नाही, तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 चा उल्लेख करून ती गहाळ झाल्याची चौकशी व जबाबदारी निश्चित करण्याची मागणी अपिलात लेखी करा. त्या कायद्यात शिक्षेची तरतूद आहे आणि ती कार्यालयात सर्वांना ठाऊक असते.

दुसरी गोष्ट अभिलेख पाहणीची. प्रतींसाठी पानाला दोन रुपये भरत बसण्यापेक्षा फाइल समोर ठेवून वाचण्याचा अधिकार अधिक मोलाचा आहे. जिल्हास्तरीय व त्याखालील कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा शासन निर्णय नोव्हेंबर 2018 मध्ये निघाला. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत आमच्याकडे त्या वेळेत आलेल्या नागरिकांची संख्या एका हाताच्या बोटांवर मावेल. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम 2 मध्ये तर कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. पाइप कोणत्या दर्जाचा मंजूर होता आणि कोणता पुरला गेला, हे खड्ड्यातच कळते.

राहता राहिली माझ्या जुन्या सहकाऱ्यांची बाजू. एकाच माणसाकडे तीन टेबले असतात, अभिलेख कक्षाला गळती असते, गठ्ठ्यांना सूची नसते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी दारोदार हिंडून जमवलेली दफ्तरे आमच्या धुळ्यातील संशोधन मंडळात आजही अभ्यासकाला काढून दाखवली जातात. त्याच शहरात तीन वर्षांपूर्वीची फाइल मिळत नाही, याला नेहमीच लबाडी कारण असते असे नाही. सूची नसणे हेही एक कारण आहे, आणि सूची करणे कलम 4(1)(क) प्रमाणे बंधनकारक आहे.

उत्तर 2 : धडगाव परिसरातील कार्यकर्ती

वरील उत्तर उपयुक्त आहे, पण ते पुन्हा एका माणसाच्या हातात एक प्रत देऊन थांबते. मूळ प्रश्न मोहिमेचा होता, म्हणून आमच्या बाजूचे लिहिते.

सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील ज्या 33 गावांच्या जमिनी गेल्या ती अक्कलकुवा आणि अक्राणी या आमच्याच दोन तालुक्यांतील आहेत. कोणते गाव कोणत्या वर्षी बुडणार आणि पर्यायी जमीन कोठे मिळणार, एवढे साधे कागद मिळवण्यासाठी या डोंगरातील लोकांना 1980 च्या दशकात मोर्चे काढावे लागले. तेव्हा माहितीचा कायदा नव्हता, उलट 1923 चा शासकीय गुपिते अधिनियम होता. पुढे या प्रकल्पावरील वादानंतर जागतिक बँकेनेही 1993 मध्ये स्वतःचे निरीक्षण मंडळ स्थापन केले. सांगायचे कारण असे की माहिती अधिकाराची गोष्ट राळेगणसिद्धीपासून किंवा राजस्थानापासून सांगण्याची पद्धत पडली आहे, आणि ती चूक नाही; पण खानदेशाने तिची किंमत त्याआधीच मोजायला सुरुवात केली होती.

राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेकडून मात्र एक गोष्ट जरूर उचलावी. 1994 पासून त्यांनी जनसुनवाया घेतल्या, त्यांत हजेरीपटातील नावे लोकांसमोर मोठ्याने वाचली जात. ज्याचे नाव वाचले तो समोर बसलेला असे, आणि ‘मी त्या कामावर गेलोच नव्हतो’ असे तोच उभा राहून सांगत असे. संकेतस्थळावर टाकलेल्या यादीने हे घडत नाही. कलम 4(4) मध्ये माहिती प्रसृत करताना स्थानिक भाषा आणि त्या भागातील सर्वांत परिणामकारक पद्धत विचारात घ्यावी असे म्हटले आहे. आमच्याकडे तिचा अर्थ पावरीत आणि भिलोरीत वाचून दाखवणे असा होतो, तुमच्याकडे तो अहिराणीत वाचून दाखवणे असा होईल.

शिक्क्याविषयी विचारलेत. मिळालेला प्रत्येक कागद घरी न ठेवता पुढच्याच ग्रामसभेत वाचावा आणि त्याची प्रत चावडीवर लावावी. ज्याच्या हाती विकण्यासारखे काही उरत नाही, त्याला ‘कितीवर मिटवायचे’ असे विचारण्यात अर्थ नसतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. एक शंका उरते. आम्ही गटाच्या नावाने, लेटरहेडवर, अर्ज करावा की प्रत्येकाने आपापल्या नावाने? आणि गावातील विविध कार्यकारी सोसायटी व पतसंस्था यांचे काय? ठेवी अडकलेल्या लोकांचा सर्वांत मोठा राग तिथेच आहे.

उत्तर 3 : वकील, जळगाव

अर्ज व्यक्तीच्या नावानेच करावा. अधिनियमाने हा हक्क ‘नागरिकाला’ दिलेला असल्यामुळे संस्थेच्या लेटरहेडवरील अर्ज तांत्रिक कारणाने परत येण्याची शक्यता असते. मात्र एकाच माणसाचे नाव सतत पुढे ठेवू नये. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी 2010 मध्ये हत्या झाली, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणीही विसरलेले नाही. एकाच कागदासाठी वेगवेगळ्या गावांतील दहा जणांचे दहा अर्ज गेले की दडपणाला एकच पत्ता उरत नाही.

मोहिमेची मागणी कलम 4 वर उभी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या कलमातील सतरा बाबी प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कायदा संमत झाल्यापासून 120 दिवसांत स्वतःहून प्रसिद्ध करावयाच्या होत्या. ती मुदत 2005 मध्येच संपली. अंदाजपत्रक, खर्चाचा अहवाल आणि अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील त्यांत स्पष्टपणे येतो. केंद्रीय व राज्य माहिती आयोगांनी या कलमाच्या अंमलबजावणीवर सातत्याने देखरेख ठेवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये सांगितले आहे, त्याचा आधार घ्यावा. येथे अनेकांची फसगत होते ती कलमांच्या निवडीत : कलम 18 खाली तक्रार केली तर अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, परंतु आयोग त्यात माहिती देण्याचा आदेश देत नाही. माहिती प्रसिद्ध करण्याचा आदेश हवा असेल, तर कलम 19 खालील अपिलाचाच मार्ग आहे. दिवसाला 250 आणि कमाल 25,000 रुपये दंडाची बातमी छापून येते, तेवढ्यावर समाधान मानून कागद विसरू नये. ग्रामपंचायतीपुरते बोलायचे तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 8 प्रमाणे वार्षिक हिशेबाचे विवरण व मागील लेखापरीक्षण टिपण ग्रामसभेपुढे ठेवणे आवश्यक आहे, त्यासाठी अर्जाचीही गरज नाही. एका ग्रामस्थाने सभेत मागणी करून ती इतिवृत्तात नोंदवून घ्यावी.

सहकारी संस्थांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा थलप्पलम निकाल लागू पडतो. सहकारी संस्था केवळ नोंदणीकृत आहे म्हणून सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. तथापि निबंधकाला कायद्याने त्या संस्थेकडून जी माहिती मागवता येते, ती निबंधक कार्यालयाकडे अर्ज करून मिळवता येते. त्यामुळे पतसंस्थेच्या दारात न जाता उपनिबंधकांकडे लेखापरीक्षण अहवाल आणि दोषदुरुस्ती अहवाल मागावेत. सभासदाला सहकार कायद्याच्या कलम 32 खाली वेगळा हक्क आहेच. एक सावधगिरी : वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम 8(1)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याच्या तरतुदीमधील पूर्वीची सार्वजनिक हिताची सवलत काढून टाकली आहे. कर्जदारांची नावे मागताच हे कलम पुढे केले जाईल. सार्वजनिक हिताचे कलम 8(2) अजून शाबूत आहे, म्हणून अर्जातच त्याचा आधार घेऊन दोन वाक्ये लिहावीत. नावे नाकारली तरी थकबाकीच्या एकूण रकमा नाकारता येणार नाहीत.

निवृत्त वरिष्ठ सहायक, धुळे

एक राहिले. सोमवारी जाताना दोघे जा, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने पान क्रमांकासह टिपून घ्यावे. निघण्यापूर्वी ‘अमुक फाइलची पाने एक ते इतकी पाहिली’ असे लिहून त्यावर कार्यालयाची पोच घ्या. त्या पोचेनंतर ती फाइल हरवली तर उत्तर त्यांनाच द्यावे लागते.